दहाचा उजेड

८ जानेवारी

काम मिळालं! सकाळी इस्पितळाच्या अधीक्षकांचा फोन आला. अतिदक्षता विभागाच्या मागच्या अंगाला जुन्या स्टोअरची एक खोली पडून आहे, पाच मीटर रुंद आणि सात लांब. तिथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शांत बसायची जागा करायची. कुठल्याही एका धर्माची नको. ज्याला जो देव आठवेल त्यानं तो आठवावा, ज्याला कुठलाच आठवत नाही त्यानं नुसतं बसावं. "तुम्ही फार कमी सामानात काम करता असं ऐकलंय," म्हणाले. सहा वर्षांपूर्वी वृद्धाश्रमातली ध्यानाची खोली केली, तिचंच हे फळ. एरवी बावीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांतले ओटे आणि भिंतीतली कपाटंच करत आलेय, आणि त्यात सामान कमी ठेवा म्हटलं तर लोक अंगावर येतात.

एक अट आहे. ३१ मार्चला उद्घाटन. तोवर खोली झाली नाही तर जागा औषधांच्या साठ्याला जाणार. औषधवाले टेप घेऊन मोजमापं करून गेलेसुद्धा, असं अधीक्षकांनी हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. ही खोली होणार म्हणजे होणार.

आई त्याच इस्पितळात गेली, जूनमध्ये. त्याचा या कामाशी काही संबंध नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच शंका यायला नको.

बाबांना सांगितलं तेव्हा ते शब्दकोडं सोडवत होते. "तिथंच?" म्हणाले. म्हटलं, "तिथंच." "बरं," म्हणाले, आणि आडव्या ओळीतलं उत्तर उभ्या ओळीत लिहिलं. तेही पेनानं.

११ जानेवारी

जागा पाहिली. छताचे पत्रे फुटके, आत मोडक्या खाटा आणि सलाईनचे गंजलेले स्टँड. पण भिंती सुरेख आहेत. पश्चिमेची तर दीड फूट जाड, जुनी, चुन्यात बांधलेली. मिस्त्रींनी तिच्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "बाई, हिला हात नका लावू. असली आता कुणी बांधत नाही." मिस्त्री माझ्याबरोबर पंधरा वर्षं आहेत. माणसांबद्दल चांगलं बोलायला त्यांना जड जातं, भिंतींबद्दल मात्र भरभरून बोलतात.

मी तिथे उभी राहिले आणि सगळं दिसलंच मला. नवीन छत काँक्रीटचं. त्यात एकच अरुंद फट, पश्चिमेच्या भिंतीला समांतर. सकाळी दहाला तिच्यातून उजेडाची एक पट्टी त्या भिंतीवर पडेल आणि हळूहळू खाली उतरत जाईल. बाकी काही नाही. एकेकट्यानं बसायला दगडी बैठका, एकमेकींपासून लांब लांब. ज्याचं दुःख त्याच्यापाशी, कुणाचा कुणाला उपद्रव नको.

दहाच का? दहाचा उजेड स्वच्छ असतो, कोवळा नाही आणि कडकही नाही. शिवाय तोच तिथला सगळ्यात वाईट तास असतो. डॉक्टरांची फेरी चालू असते आणि बाहेर बसलेल्या माणसाला काय करावं ते सुचत नाही. मला माहीत आहे.

रात्री नाही, उद्या सकाळी सूर्याचे कोन काढायला घेते. अशी घाई केली की चुका होतात.

१९ जानेवारी

समितीची बैठक. सात माणसं आणि सात मतं. एकाला फिश टँक हवा, मासे पाहून रक्तदाब उतरतो म्हणे. एकाला देणगीदारांची नावं कोरलेला संगमरवर. एक बाई अगदी प्रेमानं म्हणाल्या, भिंतीवर टीव्ही लावू आणि धबधब्याची फिल्म सतत चालू ठेवू. मी नन्नाचा पाढा लावला. मासे नाहीत, नावं नाहीत, धबधबा नाही, सोफा नाही, प्लॅस्टिकची फुलं तर नाहीतच. अधीक्षक शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, मग आम्ही पैसे देतोय ते कशाचे?" म्हटलं, "या सगळ्याला नाही म्हणण्याचे." नशीब, ते हसले.

भांडण खरं झालं ते घड्याळावरून. हेड सिस्टर म्हणाल्या की घड्याळ हवंच, लोकांना भेटायची वेळ चुकायला नको. त्या बाई एरवी मोजून बोलतात. मी एकदम आवाज चढवला. त्या खोलीत घड्याळ येणार नाही, यायचं असेल तर माझ्याशिवाय खोली बांधा, असं काहीतरी बोलले. सिस्टर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "राहू द्या घड्याळ." त्यांनी इतक्या सहज का सोडलं कळलं नाही. माझा मुद्दा पटला असणार.

२ फेब्रुवारी

बाबा हल्ली माझ्या टेबलाभोवती घुटमळतात. निवृत्त होईपर्यंत त्यांनी बस डेपोत वेळापत्रकं बनवली. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटावी म्हणजे शाळेची मुलं, भाजीवाल्या, दुसऱ्या पाळीचे कामगार सगळे बसतील, यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. आता घरात वेळ लावायला मीच उरलेय. चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर दारात येऊन उभे राहतात, बोलत मात्र नाहीत.

आज माझ्या नकाशावर वाकून म्हणाले, "या दगडांना पाठ नाही टेकायला."

"ध्यान करायचंय बाबा, सिनेमा नाही बघायचा."

"ठमाबाई, मी चौदा दिवस बसलो होतो तिथल्या बाकावर. पाठ मोडते." मी सत्तेचाळीस वर्षांची झाले तरी त्यांची ठमाबाईच आहे. मग त्यांनी विचारलं, "शेवटी ती काही म्हणाली का गं?"

"झोपेत होती. मी हात धरला होता. सांगितलंय ना तुम्हाला."

"हात गरम होता?"

"हो."

हे मी जूनपासून सगळ्यांना सांगतेय. मावशीला, शेजाऱ्यांना, ऑफिसात. आता जीभ अडखळतसुद्धा नाही. बाबांना पुन्हा काही विचारायचं होतं, पण मला कंत्राटदाराला फोन करायचा होता. कंत्राटदारानं उचलला नाही. तरी मी बराच वेळ कानाला लावून बसले.

१४ फेब्रुवारी

छत ओतलं. सकाळी सातपासून उभी होते, पाय खांबासारखे झालेत. फटीचा साचा जराही हलला असता तर सगळं मुसळ केरात. मिस्त्रींनी काठीनं काँक्रीट बसवताना तिथे कुणाला फिरकू दिलं नाही. साच्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःचीच दोन माणसं बसवली, डोळ्यांत तेल घालून.

आता पंधरा-सोळा दिवस नुसतं पाणी मारायचं आणि वाट बघायची. वाट बघणं हे काम मला जमत नाही.

३ मार्च

लाकडी साचे निघाले. आभाळ स्वच्छ. पावणेदहाला मी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. नऊ अठ्ठावन्नला भिंतीच्या वरच्या कडेला एक रेघ आली आणि दहाला पट्टी झाली, अशी कडक, सरळ, की मिस्त्रींच्या तोंडून "आई गं" निघून गेलं. पंधरा वर्षांत मी त्यांना हे म्हणताना ऐकलं नव्हतं. पट्टी उतरत उतरत पंचवीस मिनिटांत जमिनीला टेकली आणि विझली. गणित एका मिनिटानंही चुकलं नाही. मी रडले. आनंदानंच.

अधीक्षकही आले, वीस-एक फोटो काढून गेले. उद्घाटनाची वेळ सकाळी दहाचीच ठेवू, पाहुणे खूश होतील, म्हणाले. उद्या बाबांना आणते.

४ मार्च

आजचा दिवस वहीतून फाडून टाकावासा वाटतोय.

बाबांना घेऊन गेले. पट्टी आली. पट्टी जमिनीला टेकेपर्यंत ते टोपी काढून उभे राहिले. मग म्हणाले, "दहा." नुसतं एवढंच. मी म्हटलं, "हो, दहा. आवडलं ना?" त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि विचारलं, "आणि लोक किती वाजता येतात?"

"कुठले लोक?"

"बसणारे. भेटायची वेळ चार ते सहा आहे ना? सकाळी आत कुणाला सोडतात का?"

मी म्हटलं, सोडतात, मी स्वतः इथे होते. तेवढ्यात हेड सिस्टर बाहेरून चालल्या होत्या, बाबांनी त्यांनाच थांबवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. सकाळी नऊ ते अकरा हा पूर्ण मजला बंद असतो. डॉक्टरांची फेरी, ड्रेसिंग, साफसफाई. नातेवाईक गेटच्या बाहेर. "तुम्हाला त्या दिवशी आत राहू दिलं होतं," त्या म्हणाल्या, "तो अपवाद होता. आम्ही तसं कधीतरीच करतो." कधी करतात ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

म्हणजे दहा वाजता या खोलीत फक्त फरशी पुसणारी बाई असणार. दोन महिने मी सूर्याचे कोन मोजले, भिंतीची जाडी मोजली, वाळू चाळून घेतली. माणसं कधी येतात हे विचारलं नाही. पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न, आणि तो विचारला कुणी, तर बसचं वेळापत्रक करणाऱ्या माणसानं.

परतताना मी बाबांवर चिडले. "तुम्हाला प्रत्येक गोष्टीची वेळ लागते," म्हणाले. त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "रिकामी गाडी धावताना बघवत नाही गं मला."

५ मार्च

दिवसभर विचार केला. सोडून देता येईल. कुणालाही कळणार नाही. अधीक्षक खूश आहेत, फोटो सुंदर आलेत, एका मासिकाला पाठवायचेत असं म्हणतायत. चार वाजता येणारी माणसं ट्यूबलाइटखाली बसतील. काहीतरी चुकलंय हेही त्यांना कळणार नाही.

पण मला कळेल. मी एका माणसासाठी खोली बांधली. तो माणूस कोण, ते लिहायची गरज नाही.

दुपारी चारनंतरचा सूर्य पश्चिमेला. छतातल्या फटीचा तिथे काही उपयोग नाही, तो उजेड फार आडवा असतो. पश्चिमेच्या भिंतीतच उंचावर भोक पाडावं लागेल, मिस्त्री हात लावू नका म्हणाले त्याच भिंतीत. आणि दहाची पट्टी पडते तीही हीच. सव्वीस दिवस आहेत.

पाडायचं. ठरलं.

९ मार्च

यावेळी आधी माणसं बघायची, असं ठरवून गेले तीन दिवस चार ते सहा त्या कॉरिडॉरमध्ये बसतेय. बाबांनी स्वतःची जुनी वही दिली आणि रकाने आखून दिले. किती आले, किती वाजता, किती वेळ बसले. त्यांना हे करताना इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली.

जे पाहिलं त्यानं नकाशाची वाट लावली. एकटं क्वचितच कुणी येतं. दोन बहिणी येतात. नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ येतात. एक म्हातारे गृहस्थ सुनेचा हात धरून येतात. आणि कुणीही गप्प बसत नाही! जागा नसते म्हणून जिन्यावर बसतात आणि बोलतात. विमा, गावाकडची म्हैस, डॉक्टर आज हसला की नाही. एक बाई भिंतीकडे तोंड करून पंधरा मिनिटं कुजबुजत होती. मला वाटलं प्रार्थना. जवळून गेले तर आत असलेल्या नवऱ्याला शिव्या घालत होती, मला न सांगता गाडी का घेतलीस म्हणून, आणि डोळ्यांतून धारा.

एकेकट्याच्या दगडी बैठका रद्द. एकच लांब लाकडी बाक, पूर्वेच्या भिंतीजवळ थोडा पुढे. पाठ टेकायला फळी असलेला. बाबांना हे सांगितलं तेव्हा "हं" म्हणाले. त्या एका "हं"मध्ये चौदा दिवसांचं पाठदुखणं होतं.

१२ मार्च

परवा मिस्त्रींना भिंतीत भोक पाडायचं म्हणून सांगितलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांच्या घरावर नांगर फिरवणार आहे. मग मी त्यांनाही चारला कॉरिडॉरमध्ये नेऊन बसवलं. सव्वापाचला उठले आणि म्हणाले, "कुठं पाडायचं ते खूण करा."

काल अधीक्षकांचा पारा चढला. "झालेलं काम मोडताय? एकतीस तारीख माहीत आहे ना? एक दिवस वर गेला तर मी काही करू शकणार नाही." म्हटलं, वर जाणार नाही. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

मग हेड सिस्टर. खोलीच्या दुसऱ्या बाजूला, कॉरिडॉर ओलांडला की रुग्ण आहेत. मशीन लावायचं नाही. घण घालायचा नाही. दीड ते तीन एवढ्याच वेळात काम, आणि त्यांनी हात वर केला की बंद. मी हात टेकले होते, पण मिस्त्री म्हणाले, "चुन्याची भिंत आहे बाई. सिमेंटची असती तर हट्टाला पेटली असती. हिला पाणी पाजून विनवलं तर वीट सोडते." आणि खरंच सोडते. आधी सांधे भिजवायचे, मग पातळ छिन्नीनं खरवडायचे, मग वीट हलवून हलवून काढायची, दाताच्या डॉक्टरासारखी. आज अकरा विटा निघाल्या. मिस्त्री एकेक वीट पुसून बाजूला रचून ठेवतात. दीड तासात सिस्टरांनी एकदाच हात वर केला. वीस मिनिटं आम्ही सगळे छिन्न्या हातात धरून पुतळ्यासारखे उभे होतो. का ते कुणी विचारलं नाही.

१८ मार्च

पाऊण भोक झालं. वरचा भार पेलायला दगडाची तुळई बसवली, तिला हातानंच चढवायला सहा माणसं लागली. माझ्या डाव्या हाताचं बोट चेंगरलं, नख काळं झालंय. बाबांनी बर्फ लावला. लावता लावता म्हणाले, "मला एकदा नीट सांगशील का, त्या दिवसाचं?"

म्हटलं, "एकतीसनंतर."

"एकतीसनंतर कुठली तारीख?" त्यांनी विचारलं. त्यांच्या सवयीनं विचारलं असणार, तारीख लागतेच त्यांना. मी बर्फाचं भांडं उचलून आत नेलं.

का सांगत नाही ते मला माहीत आहे. त्यांच्या भल्यासाठीच सांगत नाही. इथेही लिहीत नाही, वही उघडी पडते कधीतरी.

२३ मार्च

चारला उजेड आला. आधी जमिनीवर, पूर्वेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, पोळपाटाएवढा. तो दहाच्या पट्टीसारखा कडक नाही. कडा मऊ आहेत आणि रंग पिवळा. मग जमिनीवरून सरकत भिंतीशी आला आणि भिंत चढायला लागला. पाचनंतर बाकाच्या पाठीवर, साडेपाचला बसलेल्या माणसाच्या खांद्याशी. दहाचा उतरायचा, हा चढतो. हे मी ठरवलं नव्हतं, भूमितीनंच केलं. वर्षभराचा हिशेब मांडून पाहिला. थंडीत लवकर येईल, उन्हाळ्यात उशिरा, पण चार ते सहाच्या आत कधी ना कधी येईलच. ढग असले तर नुसता उजेड. तोही ट्यूबलाइटपेक्षा बरा.

मिस्त्रींनी छताकडे बोट दाखवलं. "आणि हिचं काय?"

"राहू दे की."

"पाण्याला वाट आहे ती. शिवाय दोन दोन उजेड झाले तर..." ते थांबले. "तुम्हीच म्हणता ना, एकच गोष्ट ठेवायची म्हणून. वरची कुणासाठी?"

फरशी पुसणाऱ्या बाईंसाठी, असं म्हणणार होते. पण त्यांनाच विचारलं होतं मी मागे, त्या म्हणाल्या होत्या की उजेडात फरशीवरचे डाग जास्त दिसतात.

२५ मार्च

फट बंद केली. काम सकाळी सुरू केलं होतं, आवाजाचं नव्हतं म्हणून सिस्टरांनी करू दिलं. काँक्रीट भरायच्या आधी मिस्त्री म्हणाले, "दहा व्हायचेत, थांबायचं का?" आम्ही थांबलो. पट्टी आली, यावेळी मोडक्या भिंतीवर, भोकाशी तुटून दोन तुकडे झालेली. दहा वाजून सात मिनिटांनी मी "भरा" म्हटलं.

दहा वाजून अकरा मिनिटांपर्यंत थांबायचं नव्हतं मला.

२८ मार्च

बाक आला. रंग नाही, फक्त तेल. दार आवाज करत नाही. ट्यूबलाइट काढली, सहानंतरसाठी एक दिवा बाकाखाली लपवला. अधीक्षक पाचला आले, फोटो काढायला फोन वर केला, आणि खिशात घातला. दहा मिनिटं बसले. जाताना म्हणाले, "उद्घाटन दहाचं नको मग. चारला ठेवू." औषधवाल्यांना कळवलंय म्हणे, दुसरी जागा शोधा म्हणून.

खोली झाली! तीन दिवस आधी. आता मला झोप येईल असं वाटलं होतं.

३० मार्च

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर राहून जाईल.

बाबांना म्हटलं, उद्या गर्दी असेल, आजच बघून घ्या. साडेचारला पोहोचलो. उजेड भिंतीशी आला होता. बाबा बाकावर बसले, पाठ टेकली, फळी चाचपली आणि मान हलवली. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "इथं बोललं तर चालतं?"

"चालतं."

"मग सांग. पहिल्यापासून सांग. मी घरी होतो, मला फक्त तुझ्याकडूनच कळणार आहे. ती गेली तेव्हा तू काय करत होतीस, ती कशी दिसत होती. नऊ महिने विचारतोय मी तुला."

माझी उत्तरं तयार होती. झोपेत होती, हात धरला होता, गरम होता. तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं.

"मी नव्हते, बाबा."

"म्हणजे?"

"तिच्याजवळ नव्हते. बाहेर कॉरिडॉरमध्ये होते. फोन आला होता, आत मोबाइल चालत नाही म्हणून बाहेर गेले. परत आले तेव्हा सिस्टर पडदा ओढत होत्या. दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती."

"कुणाचा फोन?"

इथे खोटं बोलायला भरपूर जागा होती. कंत्राटदाराचा म्हटलं असतं तरी चाललं असतं. नऊ महिने मी हाच प्रश्न येऊ नये म्हणून पळत होते.

"तुमचा."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मोडला, आणि मोडला तो माझ्यामुळे. मग ते अगदी हळू म्हणाले, "स्वेटर."

"हो."

"निळा स्वेटर कुठल्या कपाटात आहे, ते विचारायला केला होता. तिनं आदल्या दिवशी मागितला होता." मग विचारलं, "किती मिनिटं बोललो?"

"चार."

"राखाडी समोरच होता गं. मी निळ्यासाठी अडून बसलो." त्यांचा आवाज फुटला. "आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला वाटलं असतं की तुमच्यामुळे..."

"वाटणारच. वाटतंय. पण तुला माहीत आहे का मला काय वाटत होतं? तिच्या शेवटाला नसलेला मी एकटाच. तू होतीस. तू हात धरला होतास. तुझा हेवा वाटायचा मला, ठमे. रागसुद्धा यायचा. चहा घेऊन दारात उभा राहायचो, तेव्हा कितीदा मनात यायचं, हिला मिळालं आणि मला नाही मिळालं." त्यांनी माझा हात धरला, काळ्या नखाचा. "आता दोघं झालो."

मग आम्ही दोघंही रडलो, मोठ्यानं, अगदी लाज सोडून. त्या खोलीत आवाज घुमतो, हे मला माहीत नव्हतं. मोकळ्या खोलीत बसून कुणी असं रडेल हे मी नकाशात धरलंच नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. एक बाई होती, तिशीची असेल, हातात रिपोर्टची फाइल आणि पाण्याची अर्धी बाटली. आम्हाला बघून ती दारातच थबकली. "ही खोली उघडलीय का?"

उद्घाटन उद्या चारला. फीत अजून बांधायचीय, आणि त्याआधी कुणाला आत सोडू नका अशी ताकीद मीच सकाळी वॉचमनला दिली होती.

"उघडलीय," मी म्हटलं. "या."

बाबांनी बाहीनं डोळे पुसले आणि सरकून घेतलं. मीही सरकले. ती आमच्या शेजारी येऊन बसली.